नऊशे एकोणिसावं घर

समोर आकडा आला की त्याचे अवयव पाडल्याशिवाय मला चैन पडत नाही. मग तो टेम्पोचा नंबर असो, गॅसच्या टाकीवरचा असो, की लग्नपत्रिकेवरचा पिनकोड. कोल्हारच्या अलीकडे चार किलोमीटरवर आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण खोड गेली नाही. माझी बायको सुनीती म्हणते, पत्रिकेतला नवरा मुलगा कोण हे ह्यांना आठवत नाही, पण पिनकोडाला तीननं भाग जातो हे पाठ असतं. म्हणू दे. तिला नऊचा पाढा अजून न अडखळता म्हणता येत नाही.

तर गेल्या जुलैत सूर्यभान माझ्याकडे आला. सूर्यभान म्हणजे आमचा सरपंच आणि माझा जुना विद्यार्थी. अवयवांचा धडा त्याला दोनदा शिकवला होता, दोन्ही वेळा तो खिडकीबाहेर बघत होता. गावच्या पाच एकर गायरानावर घरटी एक झाड लावायचं त्यानं ठरवलं होतं. कल्पना चांगली होती, तिच्यामागचं कारण मात्र जरा वेगळं होतं. शेजारच्या गावानं अशीच लागवड करून ड्रोननं फोटो काढला होता. सरळ रांगा, कुठं एक कमी नाही की एक जास्त नाही. तो फोटो तालुक्यातल्या प्रत्येक मोबाईलवर फिरला आणि तेव्हापासून सूर्यभानला जेवण गोड लागेना.

त्याची अट एवढीच होती की चौकोन भरलेला पाहिजे. शेवटची रांग अर्धी राहिली तर त्या अर्ध्या रांगेत कुणाची झाडं यावरून दहा वर्षं भांडणं होतील, हे त्याचं म्हणणं मला पटलं. आणि चार खड्डे जास्तीचे घेऊन रिकामे ठेवणंही शक्य नव्हतं, कारण उकरलेला खड्डा मोकळा ठेवणं आमच्या गावात अशुभ मानतात. ग्रामपंचायतीच्या यादीप्रमाणे घरं होती नऊशे एकोणीस. किती रांगा आणि एका रांगेत किती झाडं, एवढं मी सांगायचं होतं.

मी लगेच कागद ओढला. दोननं भाग जात नाही, पाचनं नाही. अंकांची बेरीज एकोणीस, म्हणजे तीननंही नाही. सातनं भागलं तर दोन उरले, अकरानं सहा, तेरानं नऊ. सतरानं भागताना आशा वाटली, पण तिथं नेमका एक उरला. एकोणिसानं सात उरले, तेविसानं बावीस, एकोणतिसानं वीस. मग मी पेन खाली ठेवलं. पुढचा एकतीस आणि एकतीस गुणिले एकतीस होतात नऊशे एकसष्ट. संख्येचे दोन अवयव असतील तर त्यातला एक तरी एकतिसाहून लहान असावाच लागतो, आणि लहान सगळे तपासून झाले होते.

नऊशे एकोणीस ही मूळ संख्या निघाली. तीही साधीसुधी नाही. तिचे अंक कसेही फिरवा, एकशे नव्याण्णव करा नाहीतर नऊशे एक्याण्णव करा, प्रत्येक वेळी मूळ संख्याच मिळते. मी आनंदानं सुनीतीला हाक मारली. सूर्यभानचा चेहरा मात्र डॉक्टरनं वाईट बातमी सांगावी तसा झाला होता. मी त्याला चिंचोके घेऊन समजावलं, जसं पाचवीच्या पोरांना समजावायचो. बारा चिंचोक्यांच्या चारचार अशा तीन रांगा होतात. तेरा घेतले की काहीही करा, एक तरी इकडेतिकडे होतोच. मूळ संख्येची एकच लांबलचक रांग होते, दुसरी मांडणी होत नाही. नऊशे एकोणीसचं तसंच आहे.

त्या दिवशी मी फार खूश होतो, हे कबूल करतो. आपल्या गावात घरांची संख्या अशी देखणी असावी याचा मला अभिमान वाटत होता. पुढं काय होणार आहे याची कल्पना मला आली नाही. आकड्यापलीकडे बघायची सवय मला कधी नव्हतीच.

ग्रामसभेत मी तेच चिंचोके घेऊन गेलो आणि सगळ्या गावाला सिद्धता दिली. लोकांनी ती शांतपणे ऐकली. मग एकेक तोड निघायला लागली. एक झाड गावाच्या नावानं जास्त लावा, म्हणजे नऊशे वीस होतील, असं मीच सुचवलं. पण गावाच्या नावानं म्हणजे कुणाच्या, असा प्रश्न आला. सूर्यभानच्या गटाला ते त्याच्या वडिलांच्या स्मरणार्थ हवं होतं, माजी सरपंचाच्या गटाला त्याच्या वडिलांच्या. दोघांचीही लावा म्हटलं तर नऊशे एकवीस होतात, आणि त्याच्या रांगा होतात तीन, प्रत्येकीत तीनशे सात झाडं. ती रांग गायरान सोडून पार ओढ्यापलीकडे गेली असती. मग कुणीतरी म्हणालं की एखाद्या एकत्र कुटुंबानं कागदोपत्री दोन घरं करावीत. त्याला एका सुनेनं बसल्या जागेवरून लगेच होकार दिला, तेव्हा तिच्या सासूनं तो विषय तिथंच बंद केला.

शेवटी सूर्यभान म्हणाला, एक कमी केलं तर? मी मनातल्या मनात हिशेब केला आणि नको तेवढ्या उत्साहानं सांगून टाकलं की नऊशे अठराच्या सत्तावीस रांगा होतात, प्रत्येकीत चौतीस झाडं, अगदी सुबक. सभेनं सुटकेचा निःश्वास टाकला. आता कुठलं घर कमी करायचं एवढंच उरलं होतं, आणि यादी उघडल्यावर ते शोधायला वेळ लागला नाही. शेवटचं, नऊशे एकोणिसावं नाव होतं भागूबाईचं.

भागूबाई साठी ओलांडलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा सुनील शेती बघतो, डाळिंबाची बाग त्यानं चांगली राखली आहे. दोन वर्षांपूर्वी तिनं मुलाच्या घरापासून वीस पावलांवर एक खोली बांधली आणि तिथं आपली चूल मांडली. भांडण कुणाशीच नव्हतं. आपल्या मनाप्रमाणे उठावं, आपल्याला सोसेल तेवढं तिखट घालावं आणि दुपारी दार लावून झोपावं, एवढंच तिला हवं होतं. उन्हाळ्यात तिनं ग्रामपंचायतीत चार हेलपाटे घालून त्या खोलीला स्वतःच्या नावानं घर नंबर घेतला होता. म्हणून ती यादीत शेवटी होती.

सूर्यभाननं सांगितलं की भागूबाईचं घर सुनीलच्या घरातच धरू, झाड दोघांचं मिळून एक. सुनीलनंही मान हलवली. "धरा की," तो म्हणाला, "आमी काय येगळे हाय का." त्यानं ते प्रेमानंच म्हटलं होतं. भागूबाई मागं बायकांत बसली होती, ती उठून उभी राहिली.

"झाड न्हाई दिलं तरी चालंल," ती म्हणाली. "पन माझं घर न्हाई असं करू नका. आधी बापाच्या घरात ऱ्हायले, मंग सासऱ्याच्या, मंग नवऱ्याच्या, मंग लेकाच्या. हे माझं हाय."

मग सूर्यभान माझ्याकडे वळला आणि गणित काय म्हणतं ते सरांनीच सांगावं, असं म्हणाला. सगळ्या माना माझ्याकडे फिरल्या. मी म्हणालो, "गणिताप्रमाणे नऊशे एकोणीस बसत नाहीत. नऊशे अठरा बसतात." त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं. भागूबाईनं माझ्याकडे बघितलं, पदर सावरला आणि ती सभेतून निघून गेली.

घरी सुनीतीनं ताट वाढलं आणि समोर बसली. जेवण झालं. हात धुताना ती म्हणाली, "चौकोनात बसत नाही म्हणून बाईचं घर पुसलंत. आणि चौकोन कुणी मागितला होता? ड्रोननं." मी तिला सांगायला गेलो की मी फक्त सिद्धता दिली, निर्णय गावानं घेतला. पण वाक्य अर्ध्यावरच सोडलं, कारण ते माझं मलाच ऐकवेना. मला लाज वाटत होती. बत्तीस वर्षं पोरांना सांगितलं की गणित कुणावर अन्याय करत नाही, आणि आज त्याचाच दाखला देऊन मी तो केला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी भागूबाईकडे माफी मागायला गेलो. ती दारापुढं सारवून रांगोळीचे ठिपके घालत होती. मी काय बोलायचं ते घरून जुळवून आणलं होतं, पण तिनं हातानं थांबवलं, रांग पुरी होईपर्यंत तिला बोलायचं नव्हतं. म्हणून मी तिथल्या दगडावर टेकलो आणि ठिपके बघत बसलो.

मधली रांग तेरा ठिपक्यांची होती. तिच्या वर बारा, पण ते खालच्या ठिपक्यांच्या डोक्यावर नव्हते, दोन-दोन ठिपक्यांच्या मधल्या फटीत होते. त्यावर तशीच अकराची रांग, मग दहा, नऊ, आठ, आणि शेवटी सात. खालच्या बाजूलाही तसंच. आमच्याकडे याला तेरा ते सात म्हणतात, घरोघरी बायका रोज घालतात. मी हजारदा ओलांडून गेलेलो असेन. रांगोळी पुरी झाली आणि मी माफी मागितली. तिनं ती ऐकून घेतली, मिळाली की नाही ते काही सांगितलं नाही. मग म्हणाली, "सर, एक इचारू का? तुमाला चौकोनच का लागतो?"

अवयव म्हटलं की चौकोन, असं मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आलो होतो की दुसरं काही असतं हेच विसरलो होतो. आपोआप नजर पुन्हा खाली गेली आणि मी ठिपके मोजले. एकशे सत्तावीस भरले. तीन, सात, अकरा, कशानंच भाग जाईना. एकशे सत्तावीस ही मूळ संख्या आहे, आणि ती भागूबाईच्या दारात सहा कोनांच्या आकारात ऐसपैस बसली होती. कुठं एक ठिपका कमी नव्हता की जास्त नव्हता.

मी काटकी घेऊन मातीत बेरजा मांडायला लागलो. भागूबाईला विचारलं, याहून मोठी घालता का? ती म्हणाली की सप्त्याला देवळापुढं पंचवीस ते तेरा घालते. ते झाले चारशे एकोणसत्तर. एकतीस ते सोळा घेतले तर सातशे एकवीस. तेहेतीस ते सतरा म्हणजे आठशे सतरा. इथं माझा हात थांबला. अजून एक फेरा वाढवायचा होता, आणि त्यात बसेल किंवा हुकेल. हुकलं असतं तर या बाईसमोर दुसऱ्यांदा गणिताची बाजू घ्यायची माझी हिंमत नव्हती.

पस्तीस ते अठरा. मधली रांग पस्तीस. चौतीसपासून अठरापर्यंतच्या रांगांची बेरीज चारशे बेचाळीस, वर आणि खाली मिळून आठशे चौऱ्याऐंशी. त्यात पस्तीस मिळवले. मी दोनदा केलं, तिसऱ्यांदा उलटीकडून केलं. नऊशे एकोणीस.

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. भागूबाई घाबरली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. मी तिला दाखवलं की मधे एक ठिपका असतो, त्याच्याभोवती सहा, त्यांच्याभोवती बारा, मग अठरा, असे सगळे फेरे सहाच्या पाढ्यात जातात. म्हणजे सगळे मिळून सहाच्या पटीत आणि वर तो मधला एक. ज्या एकाला काढून टाकायला आपण निघालो होतो, तो काढला तर बरोबर मध्यात खळगा पडतो. तिनं ते नीट ऐकलं आणि विचारलं की मग माझं घर ऱ्हातंय का. मी म्हणालो, राहतंय, आणि न राहून चालणारच नाही.

दुसऱ्या ग्रामसभेत मी आधी उभं राहून भागूबाईची माफी मागितली, सगळ्यांसमोर. बत्तीस वर्षांत विद्यार्थ्यांनी मला असं कधी बघितलं नव्हतं, काही जणांना फार बरं वाटलेलं दिसलं. मग भागूबाईनं पंचायतीपुढच्या फरशीवर पस्तीस ते अठरा घालून दाखवली. तिला तासभरही लागला नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोराकडून सूर्यभाननं ड्रोन वर पाठवला आणि मोबाईलवर ते चित्र बराच वेळ बघितलं. सहा कोन, कुठूनही बघा, तिरक्या रांगासुद्धा सरळ. शेजारच्या गावाकडे नुसता चौकोन आहे, हे त्याच्या लक्षात आल्याचं त्याच्या तोंडावर दिसलं. सुनील म्हणाला की डाळिंबाला आमी अशीच एकाआड एक लावतो, तेवढ्याच रानात जास्त झाडं बसतात. हे आधी का नाही बोललास, असं मी विचारलं, तर म्हणतो, सर चौकोन म्हणत होते म्हणून.

आता मधल्या झाडावरून जुंपली. दोन्ही गट पुन्हा आपापल्या वडिलांना घेऊन उभे राहिले. मी जाहीर केलं की मधली जागा भागूबाईची, तिच्याशिवाय हे घडलंच नसतं. पण भागूबाईनंच नकार दिला. मधे गेलं तर घागर घेऊन एवढ्या आत कोण जाईल, मला कडंचं द्या, रस्त्यालगतचं, असं तिनं व्यवहाराचं सांगितलं. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या, आणि मधलं झाड निघालं ओढ्याकाठच्या वस्तीवरच्या एका घराला, ज्याचा कुठल्याच गटाशी संबंध नव्हता. दोन्ही गटांना त्यात समाधान वाटलं.

गायरानावर आखणी करायला आधी पुरुष टेप आणि दोऱ्या घेऊन गेले. दुपारपर्यंत त्यांच्या चार रांगा झाल्या आणि त्यातल्या दोन एकमेकींना भेटायला निघाल्या होत्या. मग भागूबाई वीस-पंचवीस बायका घेऊन आली. बारा फुटांची एक बाजू अशी दोरीची तिकोनी तिनं गाठी मारून केली आणि फटीत ठिपका या न्यायानं चुन्याची फक्की टाकत बायका निघाल्या. पाच एकरांची रांगोळी दिवस मावळायच्या आत पुरी झाली. मी बांधावर बसून मोजत होतो. नऊशे एकोणीस भरले. सुनीती माझ्या शेजारी बसली होती, तिनं मोजणं पुरं होईपर्यंत मला एकदाही डिवचलं नाही, आणि मग म्हणाली की बायकांना हे सगळं येत होतं, विचारलं कुणी नव्हतं.

लागवडीच्या दिवशी सूर्यभान यादी वाचत होता. नाव घेतलं की त्या घराचा कर्ता पुढं यायचा, रोप घ्यायचा आणि आपल्या ठिपक्यावर जायचा. शेवटी त्यानं भागूबाईचं नाव वाचलं, घर नंबरासकट. ती नवं लुगडं नेसून आली होती. तिनं दोन्ही हातांत रोप घेतलं आणि घाई न करता रस्त्याकडेच्या ठिपक्यापर्यंत चालत गेली. तिथं शेजारच्याच ठिपक्यावर सुनील होता, त्याचं लावून झालं होतं. तो आईचा खड्डा बुजवायला पुढं झाला, तेव्हा तिनं त्याला हातानंच मागं सारलं आणि स्वतः माती लोटली, स्वतः पाणी घातलं.

सुनील दोन पावलं मागं सरला. एरवी तो आईच्या खोलीत हाक न मारता शिरायचा, आपलंच घर म्हणून. मी जवळच होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"आये," तो म्हणाला, "उंद्या तुझ्याकडं च्या प्यायला येऊ का? आमी सगळी."

भागूबाईनं हाताची माती झटकली. ती लगेच हो म्हणेल असं मला वाटलं होतं. तिनं विचार केला, चांगला सावकाश.

"उंद्या न्हाई जमायचं," ती म्हणाली. "परवा या."